ओव्हरलीची फ्रेम

नाही, तुम्हीच सांगा, 'केअरफुल' म्हणजे काळजीने काम करणारी, बरोबर? मग त्याच्या आधी 'ओव्हरली' लावलं की ती तक्रार कशी होते हो? मी आपला साधा शिंपी! मला वाटलं, 'व्हेरी'च्याही वरची पायरी असेल... एकदम कळसच!

तुम्हाला सांगतो, माझी धाकटी लिफ्ट तपासणाऱ्या कंपनीत आहे. वर्ष संपलं की साहेब प्रत्येकाला पत्र देतात, त्यावर बढती ठरते. हिच्या पत्रात काय? 'ओव्हरली केअरफुल'! पोरगी ते टेबलावर टाकून तोंड पाडून बसली. मला वाटलं, दमली असेल! मी उचललं पत्र, केली फ्रेम, आणि दिली ठोकून दुकानात आरशाच्या वर! येईल त्याची मापं घेता घेता सुरू... हात वर करा, छाती अडतीस, आणि ते वाचा जरा! पोरगी कुणाची?

आठ दिवसांनी इंग्रजीच्या बाई कोट न्यायला आल्या. चष्मा सावरत म्हणतात, "अहो, ओव्हरली म्हणजे नको इतकं. हे कौतुक नाहीये." नको इतकं! अहो, मी तीनदा मोजल्याशिवाय कात्री उचलत नाही, आणि माझं चुकलं तर नुसतं कापड वाया जातं. हिच्या दोरावर माणसं लटकतात! दहादा बघितला तर कुणाच्या पोटात का दुखावं? तरी घरी जाऊन हळूच विचारलं, "अगं, फ्रेम काढू का?" तर डोळे पुसत म्हणते, "राहू दे बाबा. एक बोल्ट सैल होता, म्हणून मी लिफ्ट बंद ठेवली. त्याचा राग आहे तो." ऐकलंत? ऊर असा भरून आला माझा... पोरगी कुणाची?

आणि पुढे ऐका! परवा याच साहेबांच्या बिल्डिंगची लिफ्ट तपासायची होती. ऑफिसात पाच जण रिकामे बसलेले. साहेब काय म्हणाले असतील? "तिलाच पाठवा." का हो? स्वतःची बायकापोरं वर-खाली करतात, तेव्हा नको इतकं चालतं वाटतं!

गेली. सकाळी गेली ती संध्याकाळीच आली. दोर पाहिला, ब्रेक पाहिला, दारं पाहिली, पुन्हा दोर पाहिला... आणि 'पंधरा दिवस बंद' अशी पाटी लावून आली! पोरगी कुणाची?

आता बढतीचं म्हणाल तर... साहेब नवव्या मजल्यावर राहतात हो.