लेण्यातली भ्रामरी

आमच्या कोथरूडच्या योगवर्गातल्या आपटे काकू तुम्ही पाहिल्यात ना? वय पंच्याहत्तर, पण आधाराला कुणी हात पुढे केला की विचारतात, "का, तुम्हाला चक्कर येतेय का?"

मागच्या महिन्यात आमचा वर्ग मावळातली लेणी बघायला गेला. काकू सगळ्या पायऱ्या एकट्याच चढल्या. वर गेल्यावर कुणीतरी म्हणालं, इथे आवाज छान घुमतो, भ्रामरी करू या. म्हणजे अंगठ्यांनी कान आणि बोटांनी डोळे बंद करून भुंग्यासारखं गुणगुणायचं. आम्ही पंधराजण अगदी मन लावून गुणगुणत होतो.

बाहेरच्या वॉचमनला वाटलं, मधमाश्यांचं मोहोळ उठलं. तो "पळा, पळा" ओरडत होता म्हणे, पण आमचे कान बंद. शेवटी तो घोंगडी घेऊन आत धावला आणि ती थेट काकूंवर टाकली.

घोंगडीतून आवाज आला, "कोण आहे ते?"

खुलासा झाल्यावर तो मटकन खालीच बसला. मागे एकदा त्याला माश्या चावल्या होत्या, आठ दिवस दवाखान्यात होता.

मी विचारलं, "मग आत कशाला आलात?"

"आजींना पळता येनार न्हाई, असं वाटलं."

आम्ही सगळे काकूंकडे बघायला लागलो. काकूंनी घोंगडीची नीट घडी घातली.

उतरताना मात्र त्याचा हात धरून उतरल्या. मी बघतोय हे लक्षात आल्यावर हळूच म्हणाल्या, "घाबरलाय हो बिचारा. त्याला आधार नको का?"