शेवटच्या पोरीच्या मागं

जमलेल्या सगळ्यांना जयभीम. नमस्कार.

मला माइकची सवय नाही. आवाज चढतो माझा, हे गावाला माहीत आहे. आत्ता पुढं येताना सरपंचकाका कानात म्हणाले, "बाळ्या, दोन शब्द बोल अन् खाली बस. भडकू नको." काका, प्रयत्न करतो. पण दोन शब्दांत बसणार नाही हे.

समोर आक्का बसल्या आहेत. सुजाताची आई. त्यांच्या तोंडाकडं बघून त्यांच्या लेकीबद्दल "होती" म्हणायचं, ते अजून माझ्याच्यानं होत नाही. जीभ "आहे"कडंच जाते. कुठं कुठं तसं होईल. सांभाळून घ्या.

विहाराच्या बाहेर लिंबाखाली आमच्या गल्लीतली काही माणसं उभी आहेत. आत जागा आहे. यायचं असेल तर या. नसेल यायचं, तर मी मोठ्यानं बोलतो. तिथंही ऐकू येईल.

खरं तर मी बोलणार नव्हतो. मघाशी गुरुजी बोलले. गुरुजींनी मला चौथीपर्यंत शिकवलं, त्यांचा मान आहे. ते म्हणाले, "झालं ते फार वाईट झालं. मुलींचं हे पळणं आता थांबवावं, हीच सुजाताला खरी श्रद्धांजली." आणि तुमच्यातल्या पुष्कळांनी माना हलवल्या. त्या माना मी बघितल्या. म्हणून उठलो.

गुरुजी, जिनं आयुष्यात एका पोरीला थांबू दिलं नाही, तिला आपण काय द्यायचं? थांबणं द्यायचं?

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. नांदेडला एक संस्था आहे, मुलींना पळायला शिकवणारी. म्हणजे नुसतं पळायला नाही. मान वर करून चालायला, मोठ्यानं बोलायला, नाही म्हणायला. तिथून आपल्याकडं जुन्या बुटांची एक गोणी आली आणि एक शिट्टी आली. बाकी सगळं गावातल्या स्वयंसेवकांनी करायचं. स्वयंसेवक म्हणजे कोण? सुजाता आणि मी.

मी कसा आलो त्यात? नांदेडचं कॉलेज अर्ध्यात टाकून मी गावात परत आलो होतो. हॉस्टेलात पाणी नव्हतं, त्यावरून भांडलो, पिशवी उचलली, एसटीत बसलो. मग दिवसभर स्टँडवरच्या टपरीवर. ही तिकडं बालवाडीत शिकवायची. एक दिवस वाटेत थांबली अन् सगळ्यांदेखत म्हणाली, "रोज इथं बसून दुनियेला शिव्या देऊन राहिलास. तेवढा दम पायात हाय का?"

हाय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पहिल्या सकाळी मैदानावर गेलो. म्हटलं, मी मागं राहतो, पोरींवर लक्ष ठेवतो. ती हसली. म्हणाली, "पोरींच्या मागं पळणारे गावात लई हायेत. तू पुढं पळ." पोरी खो खो हसल्या. माझे कान तापले. पण पुढं झालो.

मग तिनं सांगितलं, ही आपली रेल्वे आहे. "तू इंजिन. धूर काढायची तुला सवय हायच. मी गार्ड." गार्ड शेवटच्या डब्यात असतो ना, तसं. तिचा एकच नियम होता. सगळ्यात हळू पळणारी पोरगी कधी शेवटची राहायची नाही. तिच्या मागं सुजाता. ती पोरगी थांबली तर सुजाता थांबणार, चालली तर चालणार, रडली तर तिथंच खाली बसणार. शेवटची पोरगी शेवटची नसती, म्हणायची, तिच्या मागं मी असते.

आणि इंजिनाला दुसरा नियम. मागं वळून बघायचं नाही. "तू वळलास की समद्या वळत्यात अन् गाडी रुळावरून जाती."

मंडळी, मी तिच्या पुढं पळालो आणि पळताना तिला कधी बघितलं नाही. तिच्या श्वासाची लय मला माहीत नाही, चेहरा घामानं कसा होतो ते माहीत नाही. मला फक्त पावलं माहीत आहेत. एवढ्या पायांच्या गर्दीत तिचा उजवा पाय किंचित घासत पडायचा. तो आवाज सगळ्यात मागून यायचा आणि मला सगळ्यात आधी ऐकू यायचा.

तुम्ही सगळे तिला ताई म्हणायचात. पोरी म्हणायच्या, बालवाडीतली लेकरं म्हणायची, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा म्हणायची. मी कधी म्हटलं नाही. "ओ" म्हणायचो, "ऐका" म्हणायचो, काहीच नाही सुचलं तर खोकायचो. आज सभेत तरी म्हणावं, म्हणून सकाळी आक्कांकडं गेलो. म्हटलं, आक्का, सुजाताताईंबद्दल बोलू का? आक्का म्हणाल्या, "बोल की. पर नाव घेऊन बोल. ताई तुझ्या तोंडात खोटं वाटतंय, लेकरा."

म्हणजे आक्कांना माहीत होतं. सुजाताला माहीत होतं का? ते मी आता कुणाला विचारू?

असो.

पोरींना पळायला सोडा म्हणून ती तुमच्या दारोदार फिरली, ते आठवतं का तुम्हाला? दुष्काळाचं दुसरं वर्ष. विहिरी कोरड्या. टँकर आला की पोरींनी घागरी घेऊन धावायचं, हेच गावातलं पळणं. एका घरी बाई म्हणाली, "पोरगी पळून दमून आली तर पाणी कोण भरणार?" मी भडकलो होतो. तिनं माझ्या पायावर पाय दिला आणि बाईला म्हणाली, "मावशी, ईचार करा. पळणारी पोरगी टँकरच्या रांगंत पयली असती."

हसताय. हसा. त्या दिवशी ती मावशीही हसली आणि दुसऱ्या सकाळी पोरगी मैदानावर आली. आठवडाभरात निम्म्या गल्लीच्या पोरी आल्या. मी म्हटलं, ही काय पद्धत झाली? हक्काची गोष्ट अशी पाण्यासाठी विकायची? ती म्हणाली, "तुझा हक्क मोठा हाय, दारातून आत जात न्हाई. माझी घागर जाती."

मग नव्या जिल्ह्याचं वारं सुटलं. आपला तालुका नांदेडातून निघणार म्हणे. कुणी फटाके फोडले, कुणी बाजार बंद ठेवला. कुठलंसं मोठं ऑफिस आपल्या मैदानावर होणार, असं ठरलं. कुणी ठरवलं, मला आजही सांगता येणार नाही. पण एका सकाळी गेलो तर मैदानाला काटेरी तार होती आणि पाटी होती, जागा राखीव. जिल्हा काही आला नाही. तार तेवढी आली. आज आत बाभळी उगवल्यात. शेळ्या तारेखालून आत जातात, चरतात. पोरी आत गेल्या तर गुन्हा.

मला त्याच दिवशी तार तोडायची होती. ती म्हणाली, "आधी पोरी पळू दे, मग तू तोड. जिल्हा झालाच, तर कलेक्टरच्या दारासमोर पळू. बिचाऱ्याला बघायला काही तरी पायजे." आणि गाडी मुखेडच्या रस्त्यावर आली. ऊन चढायच्या आत, उजाडता उजाडता. पोरी मातीच्या कडेनं, ती डांबरावर. रस्त्यावर आलो त्या दिवसापासून ती डांबरावर.

आता त्या सकाळचं. थोडक्यात सांगतो. ज्यांना ऐकवणार नाही त्यांनी कानावर हात ठेवा, मी वाईट मानणार नाही.

शेवटी मनी होती. आपल्या पाचवीतली मनी, सगळ्यात हळू. तिच्या मागं सुजाता. मागून टँकर आला. मला आवाज आला आणि मी वळलो. नियम मोडून वळलो. सगळ्या पोरी थांबल्या होत्या. एकटी मनी पळत होती. पुष्कळ पुढं आली माझ्याकडं, तशीच पळत. मी तिला धरलं. तिला विचारलं, अगं थांबली का नाहीस? आजही विचारलं तर ती तेच सांगते. "ताई मागं होती की. पावलं वाजून राहिली होती."

मनीच्या मागं तेव्हा कुणी नव्हतं.

मी दगड उचलला होता. मोठा. ड्रायव्हर खाली उतरून चाकापाशी बसला होता, डोकं धरून. आपल्याच वयाचा पोरगा, झोपेनं डोळे लाल झालेले. मला त्याच्याशी घेणं नव्हतं. मला तो टँकर फोडायचा होता. दगड डोक्याच्या वर नेला आणि मनीनं माझा सदरा ओढला. म्हणाली, "दादा, मारू नको. आत पाणी हाय."

आत पाणी होतं. आपल्याच गावाचं पाणी. आपल्याच रांगेचं.

मी दगड खाली ठेवला.

सुजाताला घेऊन गाडी गेली. पंचनामा झाला. आणि दुपारी दुसरा ड्रायव्हर आला, तोच टँकर गावात आला. बायका घागरी घेऊन उभ्या राहिल्या. घागरी लागत होत्या, भरत होत्या, उचलल्या जात होत्या. मी कुणाला नावं ठेवत नाही. कुणी ठेवू पण नये. लेकरांना पाणी लागतं. आमच्या घरीही त्या रात्री त्याच पाण्याचा भात शिजला. मी खाल्ला. आक्कांच्या घरी शेजाऱ्यांनी नेऊन ठेवली ती घागरही त्याच पाण्याची होती. आपल्या सगळ्यांच्या अंगात ते पाणी गेलंय. मग आता आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं, की ते तिचं पळणं होतं, तिच्या हौसेपायी झालं, आपला काय संबंध?

चढला आवाज. माफ करा.

त्यानंतर एक दिवस मी पोरींना बोलावलं. आल्या. म्हटलं, रस्त्यावर नको, शाळेमागच्या पांदीनं पळू. शिट्टी दिली. मंडळी, एवढ्या जोरात पोरी कधी पळाल्या नव्हत्या. मलाच मागं टाकून गेल्या. मला वाटलं, वा! मग कळलं. कुणालाच शेवटी राहायचं नव्हतं. जी शेवटी राहते तिला मागून पावलं ऐकू येतात, असं त्यांचं एकमेकींत ठरलंय. एक ढकलते, दुसरी ओढते, सगळ्या पुढं पुढं पळतात. आणि मनी? मनी पांदीच्या तोंडाशीच उभी होती. म्हणाली, "मी न्हाई येत. मीच शेवटी असते."

तिला मी सांगणार होतो, की पावलंबिवलं काही नसतं, वेडी आहेस. मला खोटं बोलता आलं नाही. मी रोज ऐकतो. घराच्या मागच्या बोळात, स्टँडवर, आत्ता इथं येताना. उजवा पाय किंचित घासत. मी वळत नाही. वळलो आणि कुणी नसलं तर? अन् वळलो आणि असली तर?

पण मी ऐकलं तर ऐकू द्या. मी मोठा झालोय, मी सोसेन. मनी दहा वर्षांची आहे. तिनं आयुष्यभर हेच लक्षात ठेवायचं का, की मागं राहणाऱ्या पोरीच्या पाठीशी भूत असतं? सुजातानं तिला उलटं शिकवलं होतं. मागं राहणाऱ्या पोरीच्या पाठीशी माणूस असतं.

गुरुजी, पळणं बंद केलं तर पोरी सुरक्षित होणार नाहीत. नुसत्या घाबरलेल्या राहतील. आणि तिकडं टँकरमागं तर त्या पळणारच आहेत. ते पळणं कुणी बंद करा म्हणत नाही.

मग काय करायचं? रस्ता नको, हे मला मान्य आहे. मैदान पाहिजे. उद्या सकाळी मी ती तार काढणार आहे. सरपंचकाका, आत्ताच सांगतोय, नंतर भडकला म्हणू नका. शांतपणे काढणार, पक्कड घेऊन. पोलिसांनी यावं. ज्या दिवशी खरंच जिल्हा येईल त्या दिवशी मी स्वतः परत लावून देईन.

तार माझ्याकडं लागली. पुढं पळायचं माझ्याकडं लागलं. पण मागं कोण?

मी जाऊ शकत नाही. जवान पोरगा पोरींच्या मागं पळायला लागला, तर टपरीवर काय बोलतील ते मला तोंडपाठ आहे. मीच बसायचो तिथं. आणि मनीला विचारलं, तर ती म्हणाली, "तू न्हाई दादा. बाईमाणूस पायजे."

आयाबहिणींनो, म्हणून तुम्हाला विचारतो. पळता आलं पाहिजे असं नाही. मनी हळू पळते, भरभर चाललं तरी चालेल. साडीवर या, चपला घालून या. ह्या गल्लीच्या या, त्या गल्लीच्या या, लिंबाखाली उभ्या आहात त्याही या. एका पोरीच्या मागं राहायचं, बस्स. तिनं मागं हात केला तर हाताला माणूस लागलं पाहिजे.

कुणीच आलं नाही, तर मी इथंच कबूल करतो, पळणं बंद. गुरुजी म्हणाले तसं. मागं कुणी नसताना मी मनीला पळायला लावणार नाही.

आता आपण सुजातासाठी उभं राहायचं. शांत राहायचं. किती वेळ, ते मी सांगत नाही. आक्कांना वाटेल तेव्हा त्या बसतील, मग आपण बसू. फक्त एक विनंती आहे. सगळे बसले, तरी ज्या बाईला उद्या सकाळी मैदानावर यायचं आहे, तिनं बसू नये. काही बोलायची गरज नाही. नुसतं उभं राहावं. पोरी त्या भिंतीपाशी बसल्यात, त्यांना दिसेल.

उठूया.