दोन्ही हातांनी

नीतू : ग्लास राहू दे. आधी इकडे बघ.

पियूष : मम्मी, आबा येतील तोवर सगळे ग्लास धुवायचे आहेत. उद्या चौदा एप्रिल, जयंती आहे, सकाळी पाण्याचा स्टॉल लावायचा. फिर टाइम नहीं मिलेगा.

नीतू : ही बाटली कोणाची आहे?

पियूष : मुझे क्या पता.

नीतू : खिळ्याने नाव कोरलंय. वाच.

पियूष : ...कमलेश.

नीतू : तुझ्या वर्गातला. आज माझ्या बायोलॉजीच्या पिरियडला चक्कर येऊन पडला. एप्रिलचं ऊन, आणि हा मुलगा शाळेत पाणीच पीत नाही. घरून निघताना पितो, मग घरी गेल्यावर.

पियूष : तबीयत खराब असेल त्याची.

नीतू : ओठ फुटले होते. मी माझी बाटली त्याच्यापुढे धरली. तर म्हणाला, "मैडम, पहले आप पीजिए." मला वाटलं, चक्कर आलीये, बरळतोय. मी प्यायले. तो माझ्या गळ्याकडे बघत होता. घोट खाली उतरतो का नाही, ते. मग बाटली हातात घेतली, आणि तशीच परत दिली. "आप पियूष की मम्मी हैं ना," म्हणाला. शेवटी नळाला तोंड लावून प्यायला.

पियूष : और क्या बोला मेरे बारे में?

नीतू : काहीच नाही. म्हणून तुला विचारून राहिले.

पियूष : मजाक था, मम्मी. सबने किया. गुड्डूची आयडिया होती.

नीतू : काय केलं?

पियूष : थूके थे.

नीतू : हे घर आहे. मराठीत सांग.

पियूष : ...थुंकलो. त्याच्या बाटलीत.

नीतू : कोण कोण?

पियूष : गुड्डू. मग आमची पूर्ण लाइन.

नीतू : तू?

पियूष : सबसे लास्ट. थोडंसंच.

नीतू : थोडंसं.

पियूष : मम्मी, सॉरी ना.

नीतू : त्याने तुझं नाव घेतलं तेव्हाच मला अंदाज आला. म्हणून त्याच्या बाकाखाली पडलेली ही बाटली मी आणली आणि गंजात पाणी ठेवून उकळली. खळखळ उकळली. आत आता काही जिवंत नाही, हे मला माहीत आहे. हेच तर शिकवते मी. तरी बाहेर काढताना मी तिला सांडशीने धरलं. हाताने धरवेना.

पियूष : उकळली, तर मग?

नीतू : तुझा हात लागला होता तिला.

पियूष : ऐसे मत बोल, मम्मी.

नीतू : त्याला ती प्यायला कोणी दिली? तुम्ही त्याला रोज देहाती म्हणून चिडवता. गुड्डूच्या हातून त्याने घेतली नसती.

पियूष : मी दिली.

नीतू : कशी?

पियूष : कशी म्हणजे?

नीतू : हा ग्लास घे. दे मला. जशी त्याला दिली, तशी.

पियूष : ...अशी.

नीतू : दोन्ही हातांनी.

पियूष : आदत है. आबांनीच लावली. वरून ओतायचं नाही, समोरच्याच्या हातात द्यायचं, दोन्ही हातांनी. स्टॉलवर मी असंच देतो. त्याला पण तसंच दिलं. "ले भाई, ठंडा है."

नीतू : मग?

पियूष : थँक्यू बोला. पिऊन घेतलं. मग सगळे हसले, तेव्हा त्याला समजलं.

नीतू : तू पण हसलास?

पियूष : ...हो.

लहानुजी : अवं सूनबाई! पावर हाउसच्या बजारात बर्फवाल्याले सांगून आलो. सकाळीच लादी पाठवतो म्हणे. दरसाली असाच म्हणते अन् दुपारी अर्धी लादी वितळून आणते, बदमाश. ग्लास झाले का रे, पियूष? ... काय झालं? कावून असे उभे हा तुमी दोघं?

पियूष : काही नाही, आबा.

नीतू : सांग त्यांना.

पियूष : मम्मी, प्लीज. आबा को नहीं.

नीतू : मग मी सांगते. मामाजी, वर्गातल्या एका पोराच्या पाण्याच्या बाटलीत ही पोरं थुंकली. हा पण थुंकला. आणि ती बाटली यानेच त्या पोराला दिली, दोन्ही हातांनी. ते पोरगं प्यायलं.

लहानुजी : आपला पियूष?

नीतू : हो. आज ते पोरगं चक्कर येऊन पडलं. मी पाणी दिलं, तर आधी मला प्यायला लावलं. मी प्यायले. तरी त्याने घेतलं नाही.

लहानुजी : तुह्या हातचं नाही पेला.

नीतू : नाही.

लहानुजी : माही माय गावात विहिरीपाशी घागर घेऊन उभी राहे. कोणाले दया आली, तर थो वरून ओते. अन् आमच्या हातचं तर कोणीच पेत नव्हतं. माय म्हणे, आपल्या हाताले काय लागलं हाये? काहीच नव्हतं लागलं. साफ होते तिचे हात. ... या पोराच्या हाताले मातर खरंच लागलं हाये.

पियूष : आबा, पिछले साल मेरी बारी थी.

लहानुजी : काय?

पियूष : माझ्या डब्यात. गुड्डूनेच. मी सगळं खाल्लं, मग त्यानं पूर्ण क्लाससमोर सांगितलं. नंतर त्यांनी मला त्यांच्या लाइनीत बसायला घेतलं.

नीतू : मला का नाही सांगितलं?

पियूष : तू तिथंच मॅडम आहे. सब चुगलखोर बोलते. आणि आबा म्हणतात, मार खाऊन घरी यायचं नाही. तो मैं उनकी साइड हो गया.

लहानुजी : मार खाऊन येऊ नको म्हणलो होतो. थुंकून ये नव्हतो म्हणलो.

नीतू : म्हणजे तुला माहीत होतं. नंतर घरचं जेवणसुद्धा कसं घशाखाली उतरत नाही, ते त्या लाइनीत फक्त तुला माहीत होतं. आणि बाटली तूच दिलीस.

पियूष : ग्लास राहिलेत, मम्मी. मी धुतो.

नीतू : उद्या सुट्टी आहे. परवा मी प्रिन्सिपल सरांकडे सगळ्यांची नावं देणार. पहिलं तुझं. आणि आज, आत्ता, ही बाटली तू मरोद्याला त्याच्या घरी नेऊन देशील. काय केलं ते त्याच्या आईबाबांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगशील.

पियूष : उसके पापा के सामने? नाही, मम्मी. गुड्डूला कळलं, तर तो सोडणार नाही. फिर से मेरी बारी आएगी.

नीतू : येईल कदाचित. तेव्हा घरी येऊन सांग. या वेळी मी ऐकेन.

पियूष : तू घेऊन जा ना. प्लीज. मी बाकी काहीही करतो. उद्या पूर्ण दिवस स्टॉलवर उभा राहतो, एक बार भी नहीं बैठूँगा. आबा, तुम्ही सांगा ना तिला. मी येऊ ना स्टॉलवर?

लहानुजी : लय ऊन लागलं मले. पानी दे.

पियूष : मटक्याचं देऊ?

लहानुजी : दे.

पियूष : घ्या, आबा. ठंडा है.

लहानुजी : पयले तू पे.

पियूष : आबा...

लहानुजी : पे.

(पियूष दोन्ही हातांत ग्लास धरून उभा राहतो. मग पितो.)

लहानुजी : आता थे बाटली उचल.

नीतू : मी स्कूटी काढते.

लहानुजी : थांब जराशी, नीतू. रिकामी नको नेऊ रे. मटक्यातून भर.

पियूष : माझ्या हातचं तो नाही पिणार, आबा.

लहानुजी : नाहीच पेनार. भरून ने.