घोटा दिसायला लागला

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी नंबरची वाट बघत होत्या. धाकटीने पाय पुढे केला.

"ताई, घोटा दिसायला लागला बघ."

"खरंच की. सूज कशाने उतरली?"

"भात, पाव, बटाटे, साखर, सगळं सोडलं. चपलासुद्धा सैल होतात आता."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"छे, रागावतील."

"आणि प्रेशरची गोळी?"

"ती चालूच आहे. पण उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. काल जिन्यात कठडा धरला म्हणून वाचले."

"म्हणून आलीस?"

"हो. आईला प्रेशर वाढलं की अशीच चक्कर यायची. गोळी वाढवून घेते."

"अगं, सुजेबरोबर प्रेशरही उतरलं असलं तर?"

धाकटीने पुढे केलेला पाय मागे घेतला.

"आत तू फक्त पाय दाखव. बोलायचं मी बघते."