पाचवीचा पाटा

मुरबाडच्या मोटारतळावर बाईजा पोटुशा लेकीला, सुंदराला, घेऊन बसली होती. जावई दूर इराकात, बसऱ्याच्या गोदीत कामाला. आठवड्यात सुंदराही बोटीनं तिकडंच निघायची होती. बाळाच्या पाचवीला पुजायला म्हणून बाजारातून घेतलेला पाटा बाईजाच्या मांडीवर होता. मागं दोन बाया बोलत होत्या. बसऱ्याचं नाव ऐकलं नि बाईजानं कान दिला.

"मंग पाचवी कशी पुजलीस गो, मुसलमानी मुलखात?"

"पाटाच नव्हता. रडत बसलेली मी. शेजारीण आली, जैनब. तिला खुणेनं सांगलं."

"तिला काय कळतंय?"

"तिनं आपल्याच दारातला पायरीचा दगड उचलून आणलान. घासून, धुवून मांडलान."

"अगो बाय!"

"वर रातभर जागली. दिवा इजू नये म्हून वाऱ्याला पाठ देऊन बसलेली."

"तिला सटवाई ठावी होती?"

"नाय. बाळंतीण ठावी होती."

मोटार आली. बाईजा पाटा सावरत उठली.

"सुंदरे, पाटा घरीच ऱ्हाऊदे. त्याच्या जागी नवा तांदूळ बांधू, शेजारणीला."

"कोणच्या शेजारणीला, आये?"

"असंल गो एक."