बोटीच्या नावात अडकलेली तूरडाळ

...अहो, इथे आखातात दुकानात फ्रेंच चीज मिळतंय, न्यूझीलंडची सफरचंदं मिळताहेत, आणि आपली साधी तूरडाळ? मफी! म्हणजे इथल्या अरबीत, नाहीच! तुम्हाला सांगतो, मेधावहिनींचं काय झालं असेल! शेजारच्या शिवांगीच्या लेकीचं शुक्रवारी बारसं, चाळीस पानं, स्वयंपाक वहिनींनी हौसेनं अंगावर घेतलेला, आणि सोमवारी नवऱ्याला, म्हणजे आपल्या दत्तप्रसादला, पिशव्या धरायला घेऊन त्या गुदैबिया भागातल्या खिजरभाईंच्या दुकानात गेल्या, तर तो रत्नागिरीचा भला माणूस दोन्ही हात वर करून म्हणतो, "वैनी, डाळ मफी!"

"मफी कशी? ऑर्डर दिलीय म्हणाला होतात ना?"

"आलीय की! हिद्दच्या बंदरात कंटेनरमध्ये आराम करत्येय! पैसे पोचल्याबिगर मुंबईचा व्यापारी कागद सोडत नाय, कागदाबिगर बंदरवाले कंटेनर सोडत नायत, आणि पैसे बँकेनं अडकवलेत! म्हणे, डाळ ज्या बोटीनं आली, त्याच नावाची बोट निर्बंधांच्या यादीत हाय. अवो, पण आत डाळ हाय डाळ, बाँब नाय!"

आता गंमत बघा... आपला दत्तप्रसाद बँकेत काय करतो? हेच! निर्बंधांची, म्हणजे कुणाशी व्यवहार करायचा नाही त्याची, लांबलचक यादी समोर ठेवायची, नाव जुळलं की पैसे थांबवायचे! या बोटीचे पैसे त्यानंच आदल्या दिवशी, रविवारी थांबवलेले, इथे सुट्टी शुक्रवारची ना! कान लालबुंद झाले हो बिचाऱ्याचे. बोलायचीही सोय नाही, बँकेची गुप्तता! पण सोळा वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याचे कान वाचता येत नाहीत होय? लिफ्टचं दार बंद झालं, आणि...

"तूच ना?"

"ऑफिसचं मी घरी बोलत नाही."

"मग घरी जेवूही नकोस!"

मंगळवारी सगळ्या बिल्डिंगचे सल्ले सुरू. कुणी म्हणे मसूर घाला, कुणी म्हणे मूग! बारशाला मुगाचं वरण? बाळ काय आजारी आहे? वहिनी दुकानामागून दुकानं पालथी घालताहेत, जिकडेतिकडे एकच, डाळ मफी! आणि इकडे दत्तप्रसादला चैन पडेना. नियम मोडणाऱ्यातला तो नाही हो, पण नियम पुरता वाचायला कुणाची ना आहे? नावं बदलतात, बोटीचा नंबर बदलत नाही. त्यानं शाखेमार्फत खिजरभाईंकडून कागद मागवले, रात्र ना बघितली ना दिवस, आणि बुधवारी साहेबासमोर उभा!

साहेब चष्म्यावरून बघत, "डाट्टा, आर यू शुअर?"

"सर, यादीतली बोट तेलाची, नंबर वेगळा. ही तुरीची आहे!"

साहेबाला तूर काय कळणार, पण नंबर कळला! पैसे सुटले, कागद सुटले, आणि गुरुवारी संध्याकाळी फोनमध्ये खिजरभाई असे ओरडले की शेजारचं बाळ दचकून उठलं, "वैनी, डाळ फी! फी, फी! आहे, आहे!"

काय सांगू तुम्हाला तो शुक्रवार! पाळणा, घुगऱ्या, वाफाळता भात, त्यावर पिवळंधमक वरण, तुपाची धार... खिजरभाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि भर पंगतीत हात वर केले, "बँकेत ज्यानं डाळ सोडवली, त्याला अल्ला बरकत देवो! आणि ज्यानं अडकवली ना... त्याच्या जिभेची चवच जावो!"

सगळे म्हणाले, आमीन! दत्तप्रसादनंही म्हटलं, काय करतो?

वहिनी वरणाचं भांडं घेऊन त्याच्या पानाशी आल्या, दोन डाव ओतले आणि हळूच म्हणाल्या, "जेव. दोघांनाही वाढलंय."