परतवलेला टांगा

रामकिसन : मागं फिर, करीम. मी आता कुनाचं हाड बसवत नाय.

करीम : दादा, घोडा बिथरला, मी टांग्यातून चाकाखाली आलो. हात तर बघा.

आवडाबाई : जा बाबा, दुसरीकडं जा. माझ्या अक्काचा पाय बी यांनीच बसवला व्हता. सव्वा महिना झाला तिला जाऊन.

करीम : मौत तर अल्लाच्या हातात, आवडाबाई.

रामकिसन : देवाला, अल्लाला मधी आनू नको. हिच्या अक्काचं, माझ्या सारजाचं हाड कातडी फोडून वर आलं व्हतं. तू दवाखान्यात न्यायला टांगा जोडून दारात उभा व्हतास. तो कुनी परतवला?

करीम : जाऊ द्या ना, दादा.

रामकिसन : कुनी परतवला?

करीम : तुमी.

रामकिसन : म्याच. म्हनलं, तीस सालं झाली, या ओट्यावरनं एक मानूस सरकारी दवाखान्यात गेला नाय. हाडवैद्याचीच बायको गेली तर लोक हसतील.

आवडाबाई : अक्का तापात बी म्हनत व्हती, मला जाऊ द्या. पाय काळा पडला, तरी दाजींचा पाला चालूच!

रामकिसन : व्हय. चौथ्या दिवशी वास आला. मला कळलं व्हतं, आवडा. तरी म्या पट्टी सोडली नाय.

आवडाबाई : ऐकलंस, करीम? डोळ्यात टिपूस नाय या मानसाच्या!

रामकिसन : रडलो की लोक माफ करतात. मला माफी नको.

करीम : मग माझं ऐका. निजाम हरला, त्या पोलीस ॲक्शनच्या साली माझा खांदा निखळला, तवा आमच्या लोकांना कुनी दारात उभं करत नव्हतं. तुमी याच ओट्यावर, भर दिवसा बसवला. लोक काठ्या घेऊन आले, तर तुमी म्हनलात, "याचा हात माझ्या हातात हाय. आधी ह्यो बसू द्या." आठ सालं त्याच खांद्यानं लगाम धरतो मी. आज गाव तुमच्याकडं येत नाय, तर मी आलोय. हा हात बसला की बघा, सगळे येतील.

आवडाबाई : यांची इज्जत वाचवायला सोताचा हात देतोस? याड लागलं का तुला?

करीम : लागलंय समजा. बसवा, दादा.

रामकिसन : आन इकडं. सोड तो रुमाल.

(रामकिसन वाकून हात बघतो.)

रामकिसन : एवढं रगत?

करीम : चाक घासलं जरा.

रामकिसन : खोटं बोलू नको. हाड वर आलंय. तिच्यावानीच. दवाखान्यात जा.

करीम : दादा, तुमी पाठवलं तर गाव म्हनंल, रामकिसनचा हात संपला. पाय मुरगळला तरी कुनी येनार नाय.

रामकिसन : म्हनू दे.

करीम : अन् म्हनतील, करीमला पाठवता आलं, मग बायकोला का नाय?

रामकिसन : खरंच म्हनतील.

आवडाबाई : दाजी...

रामकिसन : तू गप. अक्काचं धुतलेलं लुगडं फाड अन् ह्याचा हात गळ्यात बांध. टांग्यावर कोन हाय?

करीम : युसूफ. पुतन्या माझा.

रामकिसन : त्याला म्हनावं, वाटंत थांबू नको. अन् तिथं इचारलं, कुनी पाठवलं, तर माझं नाव सांग. पडेगावचा रामकिसन हाडवैद्य. म्हनावं, त्यानं हात लावला नाय.